निद्रेचे कारण शोधणारा कांदोळीचा पाद्री

पणजीत मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयाजवळून जाणाऱ्याची पावले एका पुतळ्यापाशी हटकून मंदावतात. पायघोळ झगा ल्यालेला एक पाद्री पुढे झुकला आहे, त्याचे हात पसरलेले आहेत आणि त्याच्यासमोर एक स्त्री भान हरपून मागे कलंडली आहे. पर्यटक छायाचित्र काढून पुढे जातात. कुणाला तो जादूगार वाटतो, कुणाला भूतबाधा उतरवणारा. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. शिल्प म्हणून तो विलक्षण प्रभावी आहे, यात शंका नाही. पण त्यात एक विसंगती दडलेली आहे. पाहणाऱ्याला वाटते, की त्या हातांतून कसली तरी शक्ती बाहेर पडते आहे आणि ती त्या स्त्रीला निजवते आहे. ज्यांचा हा पुतळा आहे त्या आबे फारिया यांनी आयुष्याची अखेरची सहा वर्षे नेमके याच्या उलट सांगण्यात वेचली. हातांतून काहीही निघत नाही, निजवणाऱ्याकडे कोणतीही शक्ती नसते आणि जे घडते ते निजणाऱ्याच्या आतच घडते, हा त्यांचा सिद्धान्त होता. तो मांडल्यामुळेच त्यांनी पॅरिसमधील आपली प्रतिष्ठा गमावली.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. मूळ सारस्वत असलेले हे घराणे ख्रिस्ती होऊन पिढ्या लोटल्या होत्या. कायतान यांनी तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी सेमिनारीची वाट धरली होती, पण ती अर्ध्यावर सोडून त्यांनी कांदोळीच्या रोझा मारिया द सोझा यांच्याशी विवाह केला. हा संसार काही टिकला नाही. मुलगा लहान असतानाच दोघांनी चर्चच्या संमतीने फारकत घेतली. वडील सोडलेल्या वाटेवर परतून पाद्री झाले. आईने जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात प्रवेश करून संन्यस्त जीवन पत्करले. मुलगा वडिलांच्या वाट्याला आला आणि वडिलांची महत्त्वाकांक्षा मुलाच्या वाट्याला आली.

ही महत्त्वाकांक्षा समजून घेतल्याखेरीज पुढचे काही उलगडत नाही. पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री पोंबाल याने १७६१ मध्ये फर्मान काढून आशियातील ख्रिस्ती प्रजेला युरोपात जन्मलेल्या पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा दिला होता. फर्मान कागदावर राहिले. गोमंतकीय पाद्री कितीही विद्वान असला तरी बिशपपद, वरच्या जागा आणि मानाची आसने गोऱ्यांकडेच जात. कायतान व्हितोरिनो यांनी मनाशी ठरवले, की गोव्यात राहून हे बदलणार नाही. जेथे निर्णय होतात तेथे जाऊन उभे राहिले पाहिजे. १७७१ मध्ये ते पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन जहाजात बसले आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात लिस्बनला पोहोचले. राजदरबारी वजन खर्चून त्यांनी मुलाला रोमला पाठवण्याची व्यवस्था केली. रोममधील प्रोपागांदा फिदे या महाविद्यालयात कुस्तोदियोचे शिक्षण झाले, १७८० मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि त्याने धर्मशास्त्रातील डॉक्टरेटही मिळवली. आपला प्रबंध त्याने पोर्तुगालच्या राणीला अर्पण केला. कांदोळीच्या मुलासाठी ही झेप लहान नव्हती.

फारिया यांच्या चरित्रातील सर्वांत लोकप्रिय प्रसंग यानंतरचा, लिस्बनचा. तो आख्यायिका म्हणूनच सांगितला जातो आणि तसाच तो घ्यावा. राणी आणि दरबारी मंडळींसमोर राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात प्रवचन देण्याचा मान तरुण फारियांना मिळाला. व्यासपीठावर चढल्यावर समोरची ती झगमगती सभा पाहून त्यांची बोबडी वळली. शब्द फुटेना. व्यासपीठाखाली बसलेल्या वडिलांनी ते ओळखले आणि हलक्या आवाजात, फक्त मुलालाच कळेल अशा कोंकणीत, समोर बसलेली सारी मंडळी म्हणजे नुसती भाजी आहे, ती चिरून टाक, अशा अर्थाचे काही पुटपुटले. त्यासरशी मुलाची जीभ मोकळी झाली आणि प्रवचन उत्तम वठले. पुढे सूचनेच्या सामर्थ्यावर ज्याने ग्रंथ लिहिला, त्याला ही गोष्ट चिकटावी यात नवल नाही. ती शब्दशः घडली असो वा नसो, तिच्यातले मानसशास्त्र मात्र पक्के आहे. त्या सभेत काहीही बदलले नव्हते, राणी राणीच होती. बदलले ते ऐकणाऱ्याच्या मनातले चित्र, आणि त्याबरोबर घसा, श्वास, छातीतली धडधड हे सारे बदलले. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आज्ञा पोर्तुगीजमध्ये आली नाही, लॅटिनमध्येही नाही. ती घरच्या भाषेत आली.

लिस्बनमधले ते दिवस फार काळ राहिले नाहीत. १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा एक कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने तो पिंटोंचा कट म्हणून इतिहासात नोंदला गेला. लिस्बन-रोमकडून पदोन्नतीची आशा धरून रित्या हाताने परतलेले पाद्री काउत आणि गोंसाल्विस हे त्याच्या अग्रभागी होते. पंधरा जणांना पणजीत देहान्ताची शिक्षा झाली, अनेक पाद्र्यांना बेड्या घालून लिस्बनला धाडण्यात आले. या मंडळींची लिस्बनमध्ये असताना कायतान व्हितोरिनो यांच्याकडे ऊठबस होती, त्यामुळे पिता-पुत्रांवर संशयाची सावली पडली. वडील संशयाच्या फेऱ्यात अडकले. मुलाने १७८८ मध्ये फ्रान्स गाठले. तो पुन्हा गोव्याला कधीच परतला नाही.

पॅरिसला ते आले आणि वर्षभरात तेथे क्रांतीचा भडका उडाला. पाद्री असणे हाच अपराध ठरावा असे ते दिवस होते. त्या काळातील फारिया यांच्या हालचालींपैकी एक ठळकपणे दिसते. ऑक्टोबर १७९५ मध्ये राष्ट्रीय कन्व्हेन्शनविरुद्ध पॅरिसच्या काही विभागांनी उठाव केला, त्यात एका तुकडीचे नेतृत्व फारियांकडे होते. उठाव चिरडण्याचे काम बोनापार्ट नावाच्या तरुण सेनाधिकाऱ्याने तोफांनी काही तासांत उरकले. फारिया बचावले.

याच वर्षांत केव्हातरी त्यांचे लक्ष त्या विषयाकडे गेले, जो त्यांच्या नावाशी कायमचा जोडला जायचा होता. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. व्हिएन्नाचा वैद्य फ्रान्झ मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आला होता. विश्वात एक अदृश्य द्रव भरून आहे, तो मज्जातंतूंमधून वाहतो, त्याचा ओघ अडला की रोग होतो आणि आपण तो ओघ हातांनी पुन्हा सुरळीत करतो, असा त्याचा दावा होता. याला तो प्राणिज चुंबकत्व म्हणे. लाकडी टबाभोवती श्रीमंत रुग्ण बसत, लोखंडी सळ्या धरत, संगीत चाले, कुणी हसे, कुणी रडे, कुणाला झटके येत आणि त्यानंतर पुष्कळांना बरे वाटे. बरे वाटे ही गोष्ट खोटी नव्हती, आणि सगळी पंचाईत तीच होती.

१७८४ मध्ये राजाने चौकशी आयोग नेमला. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, खगोलज्ञ बाय्यी होता आणि अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसजवळ राहणारा वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन होता. फ्रँकलिनच्या बागेत झालेला प्रयोग आजही मानसशास्त्राच्या वर्गात सांगावा इतका नेटका आहे. मेस्मरचा शिष्य देलों याने जर्दाळूचे एक झाड चुंबकित केले. बारा वर्षांच्या एका संवेदनशील मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला झाडांपाशी एकामागून एक नेण्यात आले. मुलगा घामाघूम झाला, त्याचे डोके जड झाले आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकित झाड ते नव्हते. ते तर तेथून बरेच लांब होते. आयोगाने निष्कर्ष काढला, की असा कोणताही द्रव नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ आहे. अहवाल छापला गेला आणि विद्वानांनी विषय मिटला असे मानले.

खरे तर विषय तेथे सुरू व्हायला हवा होता. द्रव नव्हता हे ठीक. पण मुलगा बेशुद्ध पडला होता. नुसत्या कल्पनेने जर हातपाय गळतात, घाम फुटतो, शुद्ध हरपते, तर कल्पना ही झटकून टाकण्याची वस्तू कशी? हा प्रश्न आयोगाने विचारला नाही. मेस्मरचा दुसरा एक शिष्य, मार्क्वी द प्युइसेग्युर, त्याच साली ब्युझांसी या आपल्या गावी वेगळ्याच गोष्टीवर अडखळला होता. व्हिक्टर नावाचा एक तरुण शेतकरी त्याच्या उपचाराखाली झटके येण्याऐवजी शांत झोपी गेला, आणि त्या झोपेतच नीट बोलू लागला, प्रश्नांना उत्तरे देऊ लागला. जागा झाल्यावर त्याला काहीच आठवेना. प्युइसेग्युर आणि फारिया यांची पुढे ओळख झाली. फारियांनी आपला ग्रंथ त्यालाच अर्पण केला, जरी त्याची उपपत्ती त्यांनी नाकारली होती. प्युइसेग्युर द्रवाबरोबरच चुंबक-वैद्याच्या इच्छाशक्तीला श्रेय देई. फारियांनी दोन्ही पुसून टाकले.

हा शोध त्यांना एका दिवसात लागला नाही आणि ते स्वतःही सुरुवातीला प्रदर्शनाच्या मोहातून सुटलेले नव्हते. लेखक शातोब्रियां याने आपल्या आठवणींत एका मेजवानीचा किस्सा नोंदवला आहे. फारियांनी चुंबकत्वाने पिंजऱ्यातला एक पिवळा गाणारा पक्षी मारून दाखवण्याची पैज घेतली. पक्ष्यावर काही परिणाम झाला नाही आणि आबेंनाच माघार घ्यावी लागली. शातोब्रियांने हे खवचटपणे लिहिले आहे. फारियांच्या नंतरच्या सिद्धान्ताच्या प्रकाशात पाहिले तर तो पक्षी हाच त्यांचा पहिला प्रामाणिक साक्षीदार म्हणावा लागेल. त्याला कुणी काही सांगितले नव्हते, त्याची कसली अपेक्षा नव्हती, आणि म्हणून त्याला काही झाले नाही.

१८११ मध्ये फारिया मार्सेयच्या विद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि तेथील वैद्यक सभेचे सदस्यही. पुढच्याच वर्षी नीम येथे दुय्यम जागी बदली झाली. ते तेथे रमले नाहीत. १८१३ मध्ये पॅरिसला परतून त्यांनी ११ ऑगस्टपासून क्लिशी रस्त्यावरील एका घरात सुबोध निद्रा या विषयावर जाहीर व्याख्यानमाला सुरू केली. प्रवेशमूल्य पाच फ्रँक. ते वय वर्षे सत्तावन्नचे, सावळ्या वर्णाचे, करारी मुद्रेचे पाद्री होते. त्यांची फ्रेंच बोजड होती. श्रोत्यांत स्त्रियांचा भरणा अधिक असे. व्याख्यान लांबत जाई आणि बहुतेक लोक ते संपण्याची वाट पाहत, कारण खरे आकर्षण त्यानंतर असे.

त्यांची रीत अगदी साधी होती. टब नाही, सळ्या नाहीत, संगीत नाही. ज्याला निजायचे त्याला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून निजण्याच्या विचारावर मन एकवटायला सांगायचे, आणि थोडी शांतता जाऊ दिल्यावर ठाम आवाजात निजण्याची आज्ञा द्यायची. एक शब्द. लागली तर झोप लागे. नाही लागली तर आपला तळहात त्याच्या डोळ्यांसमोर धरून त्याकडे एकटक पाहायला सांगत आणि हात हळूहळू जवळ आणत. तरीही जमले नाही तर आग्रह न धरता त्याला परत पाठवत. सगळेच निजत नाहीत, काहींचीच तशी घडण असते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले आहे. निजलेल्यांना साधे पाणी देऊन त्यात मद्याची चव येईल असे सांगितले की ती येई. जागे झाल्यावर अमुक करावे असे सांगून ठेवले तर जागेपणी ते केले जाई, आणि का केले हे करणाऱ्याला सांगता येत नसे.

या सगळ्यामागचे कारण त्यांनी निजणाऱ्याच्या मनःशक्तीत ठेवले. निजवणाऱ्याला त्यांनी नाव दिले ते एकाग्रता घडवणारा असे. तो केवळ निमित्त. बाह्य इंद्रियांकडून मन आवरून घेणे ही क्रिया निजणाऱ्याची, आणि रोज रात्रीच्या झोपेत जे घडते त्याचाच हा एक प्रकार. यात दैवी काही नाही, सैतानी काही नाही, असामान्यही काही नाही. ज्या काळात प्रत्येक चुंबक-वैद्य आपल्या बोटांतल्या तेजाची जाहिरात करत होता, त्या काळात एक माणूस पाच फ्रँक घेऊन लोकांना सांगत होता, की मी काहीही करत नाही.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. कुणी चटकन निजतो आणि कुणी निजत नाही याचे कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले, ते चुकले. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नसावी, किंवा आली तरी त्यांनी तिचा पुरेसा विचार केला नाही. बैठकीत ते आधी सरावलेल्या व्यक्तींना निजवून दाखवत आणि मग नवख्यांना बोलावत. खुर्चीत बसणाऱ्या नवख्याने तोवर चार जणांना मान टाकताना पाहिलेले असे. काय होणार आहे, कसे होणार आहे, हे सारे त्याला इतरांच्या देहांनी आधीच सांगितलेले असे. समोरचा पाद्री, आसपासची कुजबुज, रोखलेले श्वास, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळलेल्या. अशा वेळी आज्ञा एकट्या फारियांची उरत नाही, ती साऱ्या सभेची होते. माणूस जे एकटा असताना करणार नाही ते चार लोकांत करतो, हे आज सामाजिक मानसशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. क्लिशी रस्त्यावरच्या त्या दालनात ते दर बैठकीत घडत होते.

आणि त्याच सूत्राने त्यांचा घात केला. एके दिवशी एक नट बैठकीत येऊन खुर्चीत बसला, निजल्याचे सोंग केले आणि ऐन वेळी डोळे उघडून आबेंची टर उडवली. सभा हास्यात बुडाली. तर्काने पाहिले तर यातून एवढेच सिद्ध होत होते, की झोपेचे सोंग घेता येते. ते कुणाला ठाऊक नव्हते? पण हसू तर्काची वाट पाहत नाही. १८१६ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या व्हारिएते नाट्यगृहात चुंबकवेडाची खिल्ली उडवणारे प्रहसन आले. त्यातला ढोंगी आबे कुणावर बेतला आहे हे सांगावे लागत नव्हते. वृत्तपत्रांनी री ओढली. लोक आता निजायला नव्हे, हसायला येऊ लागले, आणि हसायला आलेल्या माणसाला मन एकवटून डोळे मिटायला सांगून उपयोग नसतो. ज्या अपेक्षेवर सूचना चालते ती अपेक्षाच फिरली होती. व्याख्याने ओस पडली.

विरोधकांची कमतरता आधीही नव्हती. चुंबकवादी त्यांच्यावर चिडून होते, कारण त्यांच्या हातातली शक्तीच फारियांनी काढून घेतली होती. चर्चमधील मंडळींना यात सैतानाचा वास येत होता. स्वतः पाद्री असलेल्या फारियांना अखेरपर्यंत धर्मनिष्ठेची ग्वाही देत राहावे लागले. विज्ञानाचे लोक ढुंकून पाहत नव्हते, त्यांच्या लेखी १७८४ चा अहवाल पुरेसा होता. आणि हे सगळे सोसणारा माणूस परदेशी, सावळा आणि तुटक्या उच्चाराचा होता. रंगभूमीवर त्याची नक्कल करणे फार सोपे असणार.

फारिया यांनी एका छोट्याशा धर्मसंस्थेत चॅप्लेनचे काम पत्करले आणि लिहायला बसले. सुबोध निद्रेचे कारण अथवा मानवी प्रकृतीचा अभ्यास, अशा अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. पुढे आणखी खंड योजले होते. ग्रंथ वाचायला कठीण आहे. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आणि प्रयोग यांची त्यात दाट सरमिसळ झाली आहे, आणि मुद्द्यावर येण्याची लेखकाला घाई नाही. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पक्षाघाताच्या झटक्याने ते गेले. वय त्रेसष्ट. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरले.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी अलेक्झांद्र द्युमाने द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो लिहायला घेतली आणि तीत समुद्रातल्या शातो दीफ तुरुंगात एक विद्वान, सहृदय आबे फारिया निर्माण केला. जगाला हे नाव ठाऊक आहे ते या कादंबरीमुळे. द्युमाचा फारिया इटालियन आहे, त्याच्याजवळ खजिन्याचे रहस्य आहे आणि तो कोठडीतच मरतो. कांदोळीच्या फारियाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे.

विचार मात्र मुक्कामाला पोहोचला, जरा आडवाटेने. फारियांच्या बैठकींना येणारा न्वाझे नावाचा एक सैनिकी अधिकारी या विषयावर प्रबंध लिहून गेला. तो १८५४ मध्ये छापला गेला आणि फ्रान्समधील नान्सीजवळचा डॉक्टर लिएबो याच्यापर्यंत ती परंपरा पोहोचली. दरम्यान इंग्लंडात मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड स्वतंत्रपणे त्याच दाराशी आला होता. चकाकत्या वस्तूकडे एकटक पाहिल्याने डोळ्यांच्या नसा थकतात आणि त्यातून निद्रा येते, असे त्याला आधी वाटले. १८४३ च्या ग्रंथात त्याने मज्जासंस्थेशी नाते सांगणारे नवे नाव रूढ केले, त्यातूनच हिप्नॉटिझम हा शब्द जगभर गेला. पुढे तोही मन एकाच कल्पनेवर स्थिरावण्याला महत्त्व देऊ लागला. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल हा कंपनी सरकारचा डॉक्टर १८४५ पासून रुग्णांना अशी निद्रा आणून शस्त्रक्रिया करत होता. ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ती पद्धत मागे पडली.

१८८० च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातला ख्यातनाम मज्जाविकारतज्ज्ञ शार्को संमोहनाला हिस्टेरियासारख्या विकाराचे लक्षण मानू लागला. नान्सीच्या बेर्नहाइमने त्याला विरोध केला: हा रोग नव्हे, सूचनेचा परिणाम आहे आणि तो निरोगी माणसातही दिसतो. वाद नान्सीने जिंकला. बेर्नहाइमने सूचनेच्या सिद्धान्ताचे आद्य श्रेय फारिया यांना दिले. १८८९ मध्ये नान्सीला शिकायला आलेल्यांत व्हिएन्नाचा एक तरुण डॉक्टर होता, सिग्मंड फ्रॉइड.

विसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रे आली आणि निजलेल्याच्या मेंदूत डोकावता येऊ लागले. कॅनडात माँट्रियल येथे झालेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगितला पाहिजे. संमोहित स्वयंसेवकांचा हात वेदना होईल इतक्या गरम पाण्यात ठेवला गेला. पाणी तेच, उष्णता तीच. फक्त वेदनेचा त्रास वाढतो आहे किंवा कमी होतो आहे अशी सूचना दिली गेली. स्पर्श आणि वेदनेची नोंद घेणारा मेंदूच्या कवचाचा भाग जवळजवळ तसाच राहिला. मेंदूच्या दोन अर्धांच्या आतल्या बाजूला, पुढच्या अंगास असलेल्या सिंग्युलेट पट्ट्यातील हालचाल मात्र सूचनेप्रमाणे वाढली वा घटली. वेदना जाणवणे आणि वेदना सोसवेनाशी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शब्दाने हलते. सोंग घेणाऱ्या नटाला हे साधता आले नसते. प्रत्येक माणूस सारखाच संमोहित होत नाही, हेही आता मोजपट्ट्या लावून सिद्ध झाले आहे. त्याचे कारण रक्तात नाही, एवढाच फरक.

फारियांना परत आणण्याचे काम आधी एका गोमंतकीयाने केले. डॉ. दा. जे. दालगादो यांनी १९०६ मध्ये त्यांचे फ्रेंच चरित्र लिहिले आणि दुर्मीळ झालेला तो पहिला खंड पुन्हा छापून आणला. १९२५ मध्ये पोर्तुगालमधून आणखी एक ग्रंथ आला. त्याचा लेखक एगास मोनिझ हा मज्जातज्ज्ञ. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत त्याने शोधली, आणि मानसिक रोगांवर मेंदूच्या अग्रभागातले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला १९४९ चे नोबेल मिळाले. त्या शस्त्रक्रियेने अनेकांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले आणि ती टाकून द्यावी लागली. एका शब्दाने मन हलते म्हणणाऱ्याचे चरित्र सुरीने मन दुरुस्त करू पाहणाऱ्याने लिहावे, हा योग चमत्कारिकच. पण मोनिझने फारियांना न्याय दिला हे मान्य केले पाहिजे.

पुतळा उभा राहिला तेव्हा गोव्यात राज्य पोर्तुगिजांचेच होते, ज्यांच्या संशयापायी फारियांनी लिस्बन सोडले होते. मडगावातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. मोंमार्त्रमधल्या कबरीवर मात्र नाव नाही. ती नेमकी कुठली, हे कुणालाच दाखवता येत नाही. योजलेले पुढचे खंड कधीच निघाले नाहीत.